डोंगरातली नदी तैलरंगात : पाणी आडवं पडत नाही, वाहतही नाही

काठावरची

नमस्कार मंडळी,

तैलरंगात काम करायला लागून मला चार वर्षं झाली. फळं, भांडी, खिडकीतली रोपं एवढं बऱ्यापैकी जमतं. पण गेले काही महिने डोंगरातल्या एका नदीने माझा पिच्छा पुरवलाय. सलग तीन सकाळी तिच्या काठावर बसून मी पेन्सिलने रेखाटनं केली, फोटो काढले आणि घरी येऊन ती कॅनव्हासवर घेतली. तीनदा घेतली. तिन्ही वेळा बाकीचं चित्र जमतं आणि नदी मरते.

वरचा फोटो तिसऱ्या प्रयत्नाचा आहे. कॅनव्हास ४० बाय ५० सेंटिमीटर. मागे डोंगरांच्या दोन रांगा, डावीकडून उतरत आलेली झाडी, मधून नदी, पुढे गोटे आणि दोन मोठे धोंडे. डोंगरांबद्दल माझी फार तक्रार नाही. नदी मात्र निळी फीत आणून चिकटवल्यासारखी दिसते. वाहत तर नाहीच, शिवाय आडवीही पडत नाही. वाळत घातलेल्या कापडासारखी डोंगरावरून खाली लोंबते. फेसाचा कापूस झालाय. तो सुधारायला गेले तर पांढरा खालच्या तपकिरीत मिसळला आणि सगळंच मळलं.

मला जे रंगवायचंय ते खरं तर अगदी लहान आहे. उजव्या धोंड्याच्या अलीकडे पाणी एका बुडालेल्या दगडावरून जातं. तिथे ते फुगतं, काचेसारखं नितळ होतं, आतला तांबूस दगड स्वच्छ दिसतो आणि पुढच्या वीतभरातच पाणी फुटून पांढरं होतं. तिन्ही सकाळी मी मुख्यतः तेवढंच बघत बसले होते. ती वीतभर जागा कॅनव्हासवर आली तर बाकी चित्र कसंही झालेलं मला चालेल.

रंग: टायटेनियम व्हाइट, अल्ट्रामरीन, सेरुलियन (आभाळी निळा), व्हिरिडियन (गार हिरवा), येलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम येलो, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), आयव्हरी ब्लॅक. सोबत जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन. कुठे चुकतंय ते मोकळेपणाने सांगा.

जुना_ब्रश

काठावरची, मागच्या रांगेचा फिकट जांभळट टोन नेमका आलाय, आधी ते सांगतो. आता नदी. रंगाचं नंतर बघू, कारण तुमची नदी रेखाटनातच उभी राहिली आहे.

संथ पाणी टेबलासारखं सपाट असतं. आपण काठावर बसतो तेव्हा डोळा पाण्यापासून जेमतेम मीटरभर वर असतो. इतक्या कमी उंचीवरून सपाट पृष्ठभाग विलक्षण दबलेला दिसतो. अगदी पुढचं वळण चार बोटं जाड दिसत असेल तर त्यामागचं बोटभर आणि त्याच्याही मागचं पेन्सिलीच्या रेघेएवढं. पण नदी रुंद आहे हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे हात प्रत्येक वळणाला ऐसपैस जागा देत जातो. तुमच्या चित्रात तिसरं वळण पहिल्याच्या जवळपास निम्मं आहे. म्हणून नजर मागे जात नाही, वर चढते.

यावर उपाय साधा आहे. हात ताठ करून ब्रशचा दांडा समोर धरा आणि वळणाची उभी जाडी अंगठ्याने मोजा. मग तेच माप शेजारच्या धोंड्याच्या उंचीवर लावून बघा. धोंड्याच्या उंचीत असं मागचं वळण किती वेळा बसतं? आता काठावर नाही आहात तर फोटोवर पट्टी ठेवून मोजा. आकडा बघून धक्का बसेल.

दुसरं म्हणजे डोंगरातली नदी घसरगुंडीसारखी एकसारखी खाली येत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी येते. डोह, मग उडी, मग पुन्हा डोह. डोह आडवा असतो, उडी तिरपी किंवा उभी. तुम्ही उतार सगळीकडे सारखा वाटून टाकलाय. डोह ठामपणे आडवे केलेत की उड्या आपोआप उड्या दिसतील. ब्रशही तसाच चालवायचा: डोहात आडवा, उडीत पाण्याबरोबर खाली ओढून.

रानवाट

+१. आणि चित्र आरशात बघा किंवा उलटं करून ठेवा. नदी कुठे ताठ झाली आहे ते दोन सेकंदांत दिसतं. मी इझलसमोरच्या भिंतीवर, माझ्या पाठीमागे, एक आरसा कायमचा टांगून ठेवलाय.

निळसर_राखाडी

रंगाबद्दल मी लिहिते.

तुम्ही पाणी निळं रंगवलंय कारण पाणी निळं असतं असं आपण लहानपणापासून ठरवून टाकलंय. एवढ्या उथळ पाण्याला स्वतःचा म्हणावा असा रंग जवळपास नसतो. आपल्याला दिसतात त्या तीन वेगळ्या गोष्टी: तळ, प्रतिबिंब आणि फेस. पाणी रंगवायचं म्हणजे कुठे यातलं काय दिसतं हे ठरवायचं.

ते ठरतं बघण्याच्या कोनावर. पायाशी सरळ खाली बघितलं तर पृष्ठभागावरून जेमतेम २ टक्के प्रकाश परततो, बाकी आत जातो. म्हणून तळ दिसतो, गोटे दिसतात, तांबूस-हिरवट रंग दिसतो. नजर जसजशी दूर जाते तसतसा कोन चपटा होत जातो, प्रतिबिंब वाढत जातं आणि शेवटी तळ दिसेनासा होऊन फक्त आभाळ नाहीतर समोरचा डोंगर उरतो. म्हणजे एकाच नदीत पुढे तपकिरी, मध्ये हिरवट-करडा आणि मागे आभाळाचा फिकट रंग असा प्रवास असतो. तुमच्या चित्रात तो नाही, पुढून मागेपर्यंत एकच सेरुलियन आहे. नदी आडवी न पडण्याचं अर्धं कारण जुना_ब्रश यांनी सांगितलं, उरलेलं अर्धं हे.

आता तुमच्या फुगवट्याकडे या. त्याची तुमच्याकडे वळलेली बाजू तिरपी आहे, म्हणून तिथे नजर आत शिरते आणि दगड दिसतो. माथ्यावर आणि पलीकडे पृष्ठभाग नजरेला समांतर होतो, म्हणून तिथे आभाळाची चकाकी येते. हातभर जागेत तळ आणि आभाळ दोन्ही आहेत. ती जागा इतकी सुंदर दिसण्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

प्रतिबिंबांबद्दल एक लक्षात ठेवा. गडद वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा किंचित फिकट आणि उजळ वस्तूचं किंचित गडद घ्यायचं. आणि हलत्या पाण्यात प्रतिबिंब उभं ताणलं जातं, कडा विस्कटतात. झाडीचं प्रतिबिंब झाडीइतकंच काटेकोर केलंत तर पाण्याचा आरसा होईल, आणि वाहत्या नदीत तो खोटा वाटतो.

काठावरची

दोघांचेही खूप आभार. आज सकाळी फोटोवर पट्टी ठेवून मोजलं. फोटोत तिसरं वळण पहिल्याच्या एकदशांश आहे. माझ्या कॅनव्हासवर जवळजवळ निम्मं! तीन सकाळी समोर बसून मला हे दिसलं नाही याचंच आश्चर्य वाटतंय.

रेखाटनाच्या वहीतली पानंही काढली. पहिल्या दिवसाच्या पानावर मी स्वतःच शब्दांत लिहून ठेवलंय: "इथे पाणी चहाच्या रंगाचं". रंगवायला बसल्यावर ते वाचलंच नाही, हात थेट निळ्या ट्यूबकडे गेला.

एक शंका. फेस आधी घ्यायचा की शेवटी? आणि दगड पाण्याच्या आधी पुरे करायचे की दोन्ही एकदम?

तेल_आणि_धूळ

शेवटच्या प्रश्नावर आमच्या गटात नेहमी भांडण होतं. माझी पद्धत सांगतो.

पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात करू नका. बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कापडाने सगळीकडे पुसून घ्या आणि वाळू द्या. पांढऱ्या जमिनीवर (म्हणजे चित्राखालच्या पायाच्या रंगावर) फेसाचा पांढरा किती उजळ आहे याचा अंदाजच येत नाही. तांबूस मधल्या टोनवर पहिल्याच फटकाऱ्याला कळतं. शिवाय ती तांबूस जमीन पाण्यातून जागोजागी डोकावली की तळाचं निम्मं काम झालेलं असतं.

मग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून सगळ्यात गडद जागा घ्या: धोंड्यांच्या सावल्या, काठाखालची पोकळी, फेसाच्या अलीकडचं गडद पाणी. त्यानंतर दगड आणि पाणी मी एकत्रच घेतो, ओल्यात ओलं, म्हणजे खालचा रंग वाळायच्या आत त्यावर दुसरा. दगड पुरा करून वाळवला आणि मग त्याच्याभोवती पाणी भरलं तर दगड कात्रीने कापून ठेवल्यासारखा दिसतो. दोन्ही ओले असताना कडेवरून कोरडा मऊ ब्रश एकदा फिरवला की दगड पाण्यात बसतो.

आणि ओला पट्टा विसरू नका. पाण्यातून वर आलेल्या प्रत्येक दगडाला पाण्याच्या रेषेलगत भिजलेला एक गडद पट्टा असतो. वरचा कोरडा भाग फिकट, पट्टा जवळपास दुप्पट गडद आणि त्याच्या खाली पाण्याची बारीक उजळ कड. या तीन गोष्टी बोटभर उंचीत असतात. तुमच्या दोन्ही धोंड्यांना हा पट्टा नाही, त्यामुळे ते पाण्यात नसून पाण्यावर ठेवलेत असं वाटतं.

पानगळ

तेल_आणि_धूळ, दगड आणि पाणी एकत्र घेण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. हात बसलेला असेल तर ठीक, पण धागाकर्तीची तक्रारच मुळी रंग मळण्याची आहे. त्यांनी दगड आणि तळ आधी करून आठवडाभर वाळू द्यावा, मग पाण्याचा पातळ थर वर द्यावा. खालचा दगड मळत नाही आणि वरचा थर पारदर्शक राहतो. नितळ पाणी असतंच तसं, खाली दगड आणि वर पाणी. चित्रातही त्याच क्रमाने का नको?

तेल_आणि_धूळ

नितळ डोहासाठी मान्य. खळाळासाठी नाही. खळाळात दगड कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं हे डोळ्यालाही कळत नसतं, तिथे वाळलेली कड घातक ठरते.

पानगळ

मग दोन्ही एकाच चित्रात. फुगवटा थरांनी, त्याखालचा फेस ओल्यात. असं करायला हरकत नाही.

तेल_आणि_धूळ

हे पटलं.

जवसवाला

थर द्यायचे ठरलंय तर एक धोक्याची सूचना, माझ्या अनुभवावरून.

सहा वर्षांपूर्वी मी एक धबधबा केला होता. खालचा थर भरपूर तेलाचा, आणि वर फेसासाठी झिंक व्हाइट टर्पेंटाइनने पातळ करून दिला. झिंक घेतला कारण तो थंड आणि स्वच्छ दिसतो. दोन वर्षांत फेसभर बारीक भेगा पडल्या. आज ते चित्र जवळून बघितलं तर धबधबा वाळलेल्या तळ्याच्या तळासारखा दिसतो.

चुका दोन झाल्या होत्या. तैलरंग पाण्याच्या रंगांसारखा उडून वाळत नाही; तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. जास्त तेलाचा थर सावकाश वाळतो आणि बराच काळ हलत राहतो. त्यावर कमी तेलाचा, लवकर ताठ होणारा थर दिला तर खालचा हलला की वरचा तडकतो. म्हणून खाली कमी तेल, वर जास्त, हा नियम. आणि झिंक व्हाइट जुना होताना ठिसूळ होत जातो, जाड फेसासाठी तो नको. टायटेनियम घ्या.

तुमच्या रंगांपैकी बर्न्ट अंबर लवकर वाळतो, त्यातल्या मँगनीजमुळे. खालच्या थरासाठी उत्तम. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो, खालच्या थरात जाड वापरू नका.

रानवाट

काळा मुळात हवाच कशाला? अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा गडद कितीतरी जिवंत असतो.

जवसवाला

सावल्यांसाठी खरं आहे. पण आयव्हरी ब्लॅकमध्ये येलो ऑकर किंवा कॅडमियम येलो मिसळून बघा. जो मळखाऊ हिरवा येतो, तो ओल्या दगडावरच्या शेवाळाचा हुबेहूब रंग. व्हिरिडियनला पिवळा लावून तो मिळत नाही. काळ्याचा दोष नाही, प्रत्येक रंग गडद करायला काळाच वापरायचा ही सवय वाईट.

काठावरची

शेवाळाचा हिरवा आत्ताच पॅलेटवर करून बघितला. जवसवाला, अगदी तोच आहे. धोंड्याच्या सावलीतल्या बाजूला लावला आणि पहिल्यांदाच तो दगड थंड वाटला.

नवखा_रंगारी

मधेच विचारतो, माफ करा. माझी नदी हिमनदीतून निघते. तिचं पाणी दुधाळ फिरोजी आहे, तळ अजिबात दिसत नाही. तिलाही हेच नियम लागू होतात का?

निळसर_राखाडी

तिथे तळाचा भाग सोडून द्या. हिमनदी सरकताना खालचा खडक पिठासारखा बारीक दळते, तो भुगा पाण्यात तरंगत राहतो आणि प्रकाश विखुरतो. म्हणून तो दुधाळ फिरोजी. हे पाणी जवळजवळ अपारदर्शक असतं, त्यामुळे प्रत्येक मिश्रणात थोडा पांढरा येणारच. थर, ग्लेझ (रंगाचा पातळ पारदर्शक थर) यांच्या मागे लागू नका, अंगचा रंग सरळ लावा. आडवेपणाचे नियम आहेत तसेच. एक करा: डोंगर आणि दगड नेहमीपेक्षा राखाडी ठेवा, नाहीतर सगळंच ओरडायला लागेल. फिरोजी शेजारच्या राखाडीमुळेच चमकतो.

नवखा_रंगारी

धन्यवाद! वाचनखूण साठवली.

जुना_ब्रश

फेसाचा प्रश्न राहिलाच आहे. त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण फेस मला स्वतःला सगळ्यात उशिरा समजला.

काठावर बसून एकाच फुटलेल्या पाण्याकडे पाच मिनिटं बघा. पहिलं मिनिटभर सगळा गोंधळ दिसतो. मग कळायला लागतं की पाणी जातंय पण आकार जागेवरच आहे. दगडाच्या खाली जी लाट उभी राहते ती तिथेच असते, पाणी तिच्यातून जात राहतं. फेसाची एक जीभ डावीकडे जाते, मागे वळते, विरते. पुन्हा तीच जीभ त्याच जागी. समुद्राची लाट पुढे जाते, ही जात नाही. म्हणजे नदी आपल्यासमोर पोझ देऊन उभी असते. रेखाटायचा असतो तो हा आकार, थेंब नव्हेत.

क्रम बघा. दगडावरून येताना पाणी नितळ आणि गडद असतं, वेग वाढतो, खाली आदळतं, तिथे हवा मिसळते आणि पांढरं होतं. पांढऱ्याच्या लगेच वर सगळ्यात गडद पट्टी असते. तो गडद असल्याशिवाय फेस कितीही पांढरा लावा, उजळत नाही. तुमच्या चित्रात फेसाच्या वर मध्यम निळा आहे, म्हणून कापूस झाला.

फेस पांढरा नसतोच. सावलीतला फेस निळसर-जांभळट राखाडी असतो, उन्हातल्या फेसाला किंचित पिवळटपणा असतो आणि निव्वळ पांढरा फार थोड्या जागी. पॅलेटवर फेसाचे तीन टोन आधी करून ठेवा. मोठा भाग सगळ्यात गडद टोनचा, त्यावर मधला आणि अख्ख्या नदीत निव्वळ पांढऱ्याचे पाच-सहा ठिपके. ते शेवटच्या दिवशी, भरलेल्या ब्रशने, एकेका फटकाऱ्यात. लावला की हात काढायचा. पुन्हा तिथे गेलात की तो खालच्या रंगात मिसळलाच. रंग मळतो तो रंगामुळे नाही, दुसऱ्यांदा गेलेल्या ब्रशमुळे.

विखुरलेल्या फेसासाठी पॅलेट नाइफ उत्तम. वाळलेल्या गडद थरावरून पात आडवी, हलकी ओढायची. कॅनव्हासच्या उंचवट्यांवर रंग अडकतो, खळग्यांत गडद राहतो. कूर्बे या फ्रेंच चित्रकाराने १८६४ मध्ये फ्रान्समधल्या लू नदीच्या उगमाची चित्रं पुन्हा पुन्हा केली, त्याचे खडक नाइफचे आहेत. त्याची मोठी चित्रं कुठे बघायला मिळाली तर नाकासमोर धरल्यासारखी बघा. सार्जंट या अमेरिकन चित्रकाराने आल्प्समध्ये केलेले ओढेही बघा. जवळून नुसते फटकारे, चार पावलं मागे गेलं की पाणी.

पाऊलखूण

फोटोवरून करण्याबद्दल कोणीच बोललं नाही. कॅमेरा वाहतं पाणी एक तर गोठवतो नाहीतर धुरकट रेशीम करतो, आणि डोळ्याला यातलं काहीच दिसत नाही. शिवाय फोटोत सावल्या काळ्या पडतात आणि फेस पांढरा जळतो, म्हणजे तुम्हाला ज्या दोन गोष्टी हव्यात त्याच जातात. माझं मत असं की लहान बोर्ड, पाच रंग घेऊन तिथेच दीड-दोन तासांचा अभ्यास करावा. त्याच्या पुढे ऊन सरकतं, सावल्या बदलतात, मग आपण दोन वेगळ्या वेळा एकाच चित्रात रंगवत बसतो. घरी मोठं चित्र करताना रंग त्या बोर्डावरून घ्यायचे, आकार हवे तर फोटोतून.

ट्यूबमधला रंग आपण गृहीत धरतो, पण पत्र्याची दाबता येणारी ट्यूब आली १८४१ मध्ये, जॉन गॉफ रँड नावाच्या चित्रकाराच्या पेटंटमधून. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत बांधून ठेवत. रंगपेटी उचलून नदीकाठी जाणं इतकं सोपं झालंय तर जावं.

काठावरची

पाऊलखूण, बरोबर आहे. मी तिथे फक्त पेन्सिल नेली होती. या आठवड्यात पुन्हा गेले, २० बाय २५ चा बोर्ड आणि पाच रंग घेऊन. पहाटेचं धुकं उठायच्या आत पोचले. त्याबद्दल लिहितेच, पण आधी डोंगराबद्दल विचारते. धुक्यात मागच्या रांगेचा पायथा माथ्यापेक्षा फिकट दिसत होता. मी आजवर उलट करत आलेय, पायथा गडद. हे नेहमीच असं असतं का?

निळसर_राखाडी

हवेत ओल किंवा धूळ असली की असंच. ती खालच्या थरात जास्त असते, म्हणून पायथा विरतो आणि माथ्याची कड त्यातल्या त्यात स्पष्ट राहते. पायथ्याशी फिकट राखाडी कोरड्या ब्रशने घासून लावा, खालचा रंग थोडा दिसत राहिला पाहिजे. एरवीही दूरच्या रांगेत उजेड आणि सावली एकमेकांच्या जवळ आणायच्या. नुसतं निळं करून डोंगर मागे जात नाही, छायाप्रकाशातला फरक कमी केल्यावर जातो.

जॉन कार्लसन या अमेरिकन निसर्गचित्रकाराची एक मांडणी मला फार उपयोगी पडली आहे: आभाळ सगळ्यात उजळ, मग सपाट जमीन, मग डोंगराचा उतार आणि सगळ्यात गडद उभी झाडं. कारण प्रकाश वरून येतो आणि जी बाजू आभाळाकडे तोंड करून आहे तिला तो जास्त मिळतो. बर्फ, थेट ऊन, चमकतं पाणी असे अपवाद आहेतच. पण चित्र गोंधळलं की मी हा क्रम तपासते, आणि बहुतेक वेळा उतार सपाट जमिनीइतकाच उजळ केलेला सापडतो.

काठावरची

चौथा प्रयत्न. फोटो खाली दिलाय.

वळणं मोजून घेतली. जमीन तांबूस केली. तिसरं वळण आता फक्त एक फिकट रेघ आहे आणि तिच्यामुळे नदी मागे गेली, खरंच गेली. डोह करडे-हिरवट आहेत. निळी ट्यूब फक्त सावल्यांत वापरली.

फुगवटा पानगळ यांच्या पद्धतीने केला. बुडालेला दगड आधी बर्न्ट सिएना आणि ऑकरने केला, त्याच्या कडा मुद्दाम हलत्या ठेवल्या, दहा दिवस वाळू दिला. मग बर्न्ट अंबरमध्ये अगदी थोडं व्हिरिडियन आणि थोडं तेल घेऊन पातळ थर दिला. तो बोटाने पुसत पुसत माथ्याकडे विरळ केला. शेवटी आभाळाच्या राखाडीचा एकच फटकारा, फुगवट्याच्या खांद्यावरून उजवीकडे वळणारा. ब्रश उचलला आणि ते पाणी झालं. मी दहा मिनिटं हात धुवायलाही उठले नाही.

खालचा फेस मात्र बिघडवला. पहिला फटकारा बरा होता, मग दुसरा, मग सगळीकडे जाड पांढरा थर. आता काय करू? खरवडला तर खालचा दगड जाईल अशी भीती वाटते.

तेल_आणि_धूळ

ओला आहे ना अजून? खरवडू नका. वर्तमानपत्राचा कागद त्यावर ठेवा, तळहाताने हलका दाबा आणि सावकाश उचला. वरचा जास्तीचा रंग कागदाला लागून येतो, खाली आकाराची पुसट खूण राहते. हेन्री टोंक्स नावाचे चित्रकार-शिक्षक विद्यार्थ्यांना हे करायला सांगत, इंग्रजीत या कृतीला त्यांचंच नाव पडलंय. त्या पुसट खुणेवर उद्या तीन टोनचा फेस पुन्हा घ्या.

फुगवटा अप्रतिम झालाय. त्याला आता हात लावू नका.

पानगळ

तो एक फटकारा! मी फोटो मोठा करून चारदा बघितला.

जवसवाला

बोटाने, कापडाने पुसणं चाललंय म्हणून एक महत्त्वाचं सांगून ठेवतो. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी बोळा करून डब्यात कोंबू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते, बोळ्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. मी एकदा रात्री डबा उचलला तर तो बाहेरून गरम लागला. तेव्हापासून फडकी पसरून वाळवतो, नाहीतर पाण्यात बुडवून झाकण लावतो. टर्पेंटाइन वापरताना खिडकीही उघडी ठेवा.

काठावरची

फडक्यांचं माहीत नव्हतं, आत्ताच पसरून आले.

कागदाचा उपाय चालला. उचलल्यावर खाली जी राखाडी खूण राहिली ती मी लावलेल्या फेसापेक्षा चांगली होती. तिच्यावर काल मधला टोन आणि चार पांढरे ठिपके, बस्स. पाचवा ठिपका हातात होता, तो लावला नाही.

वॉर्निश कधी करू? आणि उजव्या कोपऱ्यातल्या ओल्या दगडावर एक ग्लेझ द्यायचाय, त्यासाठी वाळेपर्यंत कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, धूळ बसू नये म्हणून.

जुना_ब्रश

वॉर्निशला किमान सहा महिने थांबा, फेस जाड असेल तर वर्षभर. हाताला कोरडा लागला म्हणजे आतून वाळला असं नसतं.

आणि कॅनव्हास भिंतीकडून वळवा. जवसाचं तेल अंधारात वाळलं की पिवळं पडतं, सगळ्यात आधी पांढऱ्यात दिसतं. उजेडात ठेवलं तर पिवळेपणा बराचसा परत जातो, पण तुमच्या चार ठिपक्यांना त्यातून जायला कशाला लावायचं?

काठावरची

वळवला. खिडकीसमोरच्या कपाटावर ठेवलाय, थेट ऊन लागणार नाही असा. वरून धूळ पडू नये म्हणून थोडा पुढे झुकवलाय.

जुना_ब्रश

आता ठीक. ग्लेझ दिल्यावर फोटो टाका.